तीन तास सभा, निर्णय शून्य? आधी विषयपत्रिका काढून बघा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेच्या सभेची नोटीस उघडा. सेवा सहकारी सोसायटी असो, पतसंस्था असो, शिक्षण संस्था असो की तुमच्या इमारतीची गृहनिर्माण संस्था. पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला असतो : मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मधे जमाखर्चाला मंजुरी, आलेल्या पत्रव्यवहाराचं वाचन आणि 'अमुकबाबत चर्चा करणे' अशा दोन-चार ओळी.

गंमत अशी, की लोक ज्या कामासाठी सभेला येतात ते बहुतेक वेळा या शेवटच्या ओळीत दडलेलं असतं. सभा तिथवर पोचते तेव्हा निम्मे संचालक उठून गेलेले असतात आणि उरलेले चहाचा कप खाली ठेवून घड्याळ बघत असतात. मग एक तर विषय 'पुढील सभेत घेण्याचे ठरले', नाही तर पाच मिनिटांत 'सर्वानुमते मंजूर'.

शहरातल्या कंपनीत असं झालं तर फार तर एक दुपार वाया जाते. पण काही संचालक मंडळं अशी आहेत, जिथे या सवयीची किंमत उभ्या पिकाने मोजावी लागते. त्यातलंच एक ठिकाण म्हणजे गोंदिया जिल्ह्यातला इटियाडोह. विषयपत्रिका नीट का आखायची, हे तिथल्या कालव्यावरून जितकं चटकन कळतं तितकं व्यवस्थापनाच्या पुस्तकातून कळत नाही.

इटियाडोहला संचालक मंडळ कुठून आलं?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोहचं मातीचं धरण आहे. १९७० साली ते पूर्ण झालं. नदी पुढे वैनगंगेला मिळते आणि धरणाचं पाणी कालव्यांनी गोंदियासोबतच भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शेतांपर्यंत जातं. धरण एक, जिल्हे तीन आणि पीक मुख्यतः एकच : धान.

धानाचं गणित पाण्याच्या तारखेवर चालतं. रोवणीच्या वेळी पावसाने दडी मारली, तर पऱ्हे वाफ्यातच म्हातारे होतात. पुढे धान गर्भावर असताना बांधी कोरडी पडली, तर लोंब्या पोचट निघतात. अशा वेळी कालव्याचं पाणी आठ दिवस उशिरा आलं काय आणि आलंच नाही काय, शेतकऱ्याला फरक पडत नाही.

आता हे पाणी शेवटच्या टप्प्यात वाटतं कोण? २००५ साली महाराष्ट्राने सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. त्यानुसार लघुवितरिकेवरच्या शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था बनते. जलसंपदा विभाग संस्थेला पाणी मोजून देतो, संस्थेने ते सभासदांना वाटायचं, पाणीपट्टी गोळा करायची, चाऱ्यांची दुरुस्ती बघायची. हे सगळं ठरवणारं संचालक मंडळ शेतकऱ्यांमधूनच निवडलं जातं, आणि त्यात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही भागांतले लोक असावेत अशी व्यवस्था कायद्यातच आहे.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. कालव्याच्या तोंडाशी ज्याची बांधी आहे त्याला पाणी आपोआप मिळतं. टेलवरच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचेल की नाही, हे वरचे किती उचलतात यावर अवलंबून. कायद्याने टेलच्या माणसाला मंडळात खुर्ची दिली. पण खुर्ची मिळाली म्हणजे त्याचा प्रश्न सभेपुढे आला असं होत नाही. तो विषयपत्रिकेत कितव्या क्रमांकावर आहे आणि कोणत्या शब्दांत लिहिलाय, यावर पुढचं सगळं ठरतं. विषयपत्रिकेलाही हेड आणि टेल असतं, आणि तिथेही पाणी वरच्यावरच जिरतं.

'…बाबत चर्चा करणे' हा विषयच नव्हे

समजा फेब्रुवारीतल्या एका सभेची नोटीस अशी आहे. (उदाहरण कल्पित आहे, पण तुम्ही असली नोटीस पाहिली नसेल तर आश्चर्य.)

१. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
२. मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे.
३. आलेल्या पत्रव्यवहाराचे वाचन.
४. कार्यालयाच्या रंगकामाबाबत.
५. उन्हाळी पाणी नियोजनाबाबत चर्चा करणे.
६. ऐनवेळी येणारे विषय.

पाचवा विषय वाचून संचालकाने घरून काय विचार करून यायचं? काहीच नाही. त्यात प्रश्न नाही, आकडा नाही, पर्याय नाही. मग सभेत काय होतं? प्रत्येक जण आपापल्या गावाची तक्रार मांडतो. एक जण मागच्या वर्षीचा राग काढतो. कुणीतरी विभागाच्या नावाने बोटं मोडतो. दीड तासाने 'सविस्तर चर्चा झाली' असं प्रोसिडिंग बुकात लिहिलं जातं. चर्चा खरंच झालेली असते, विषयपत्रिकेने तेवढंच मागितलं होतं.

आता तोच विषय आकड्यांसह लिहून बघू. समजा संस्थेच्या वाट्याला उन्हाळी हंगामासाठी १२ लाख घनमीटर पाणी येणार आहे. उन्हाळी धानाला हेक्टरी १२,००० घनमीटर लागतं असं धरलं, तर १०० हेक्टर भिजेल. मागणी आहे ३०० हेक्टरची. मुगासारख्या कमी पाण्याच्या पिकाला हेक्टरी ४,००० घनमीटर धरलं, तर तेवढ्याच पाण्यात ३०० हेक्टर भिजतात. (आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत. खरे आकडे जमिनीवर, चाऱ्यांच्या गळतीवर आणि त्या वर्षीच्या साठ्यावर ठरतात.)

म्हणजे सभेपुढचा खरा प्रश्न असा आहे : १२ लाख घनमीटर पाण्यात १०० हेक्टर धान करायचं, की ३०० हेक्टर कमी पाण्याचं पीक? धान करायचं ठरलं तर यंदा कोणत्या भागाची पाळी, आणि पुढच्या वर्षी कोणाची?

हा प्रश्न नोटिशीत असाच्या असा छापला, तर दोन गोष्टी होतात. संचालक सभेला येण्याआधी पारावर, चहाच्या टपरीवर आपल्या भागातल्या लोकांशी बोलून येतो. आणि सभेत कुणी विषय भरकटवला, तर अध्यक्षांना नुसतं कागदावर बोट ठेवून विचारता येतं, 'भाऊ, यातलं काय?'

विषय प्रश्नाच्या रूपात लिहिणं ही सगळ्या युक्त्यांमधली सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. खर्च शून्य, लागतो फक्त सचिवाचा अर्धा तास. तरीही ती कुणी वापरत नाही, कारण प्रश्न लिहायचा तर आधी हिशेब करावा लागतो. 'बाबत' या शब्दामागे न केलेला गृहपाठ आरामात लपतो.

रंगकामावर तास, पाण्यावर दहा मिनिटं

वरच्या नोटिशीतल्या रंगकामावर सभेत तास जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ साली याची फार सुंदर टर उडवली आहे. त्याच्या कल्पित समितीपुढे तीन विषय येतात : एक कोटी पौंडांची अणुभट्टी, कारकुनांच्या सायकलींसाठी शेड आणि समितीच्या बैठकीतलं चहापाणी. अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर. शेडवर पाऊण तास वाद. चहापाण्यावर सव्वा तास, आणि तरी निर्णय पुढच्या सभेत.

कारण सोपं आहे. अणुभट्टी कुणालाच कळत नाही आणि तसं कबूल करणं कमीपणाचं वाटतं. सायकलची शेड सगळ्यांना कळते. चहाबद्दल तर प्रत्येकाला मत असतंच. आपल्याकडे शेडच्या जागी रंग, कमान, सत्काराची शाल किंवा निमंत्रणपत्रिकेतला नावांचा क्रम ठेवा. शेवटचा विषय तर पार्किन्सनलाही झेपला नसता.

यावर उपाय म्हणून कुणाला गप्प बसवावं लागत नाही. लहान विषयांसाठी जागा कमी ठेवायची, एवढंच. नेहमीचे, वाद नसलेले विषय, म्हणजे इतिवृत्त, जमाखर्च, पत्रव्यवहार, एका ठरावीक रकमेच्या आतले खर्च, हे सगळे एकत्र बांधून एकाच ठरावाने मंजूर करता येतात. कागद मात्र आठ दिवस आधी सगळ्यांच्या हातात पडलेले हवेत. एखाद्याला जमाखर्चातल्या एका आकड्यावर शंका असेल, तर तो सभा सुरू होताच म्हणेल, 'हा विषय वेगळा काढा.' काढायचा. बाकीचे दहा मिनिटांत संपतात. मोठ्या कंपन्यांमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे इतिवृत्ताचं अक्षरशः वाचन करायची हौस असल्याने ती रुजायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. महाराष्ट्रातल्या सिंचनात एक जुनं तत्त्व आहे : पाणी देताना टेलपासून सुरुवात करायची आणि वर सरकत यायचं. उलट केलं तर टेल कोरडं राहतं, हे अनुभवाने ठरलेलं शहाणपण. तेच विषयपत्रिकेला लावा. जो विषय दर वेळी शेवटी येऊन राहून जातो तो पहिला घ्या. माणसं ताजी असतात, कोरम पूर्ण असतो, उशिरा येणाऱ्यांना पुढच्या वेळी वेळेवर यायची अक्कल येते. रंगकाम शेवटी. राहिलं तर राहिलं, भिंती कुठे पळून जात नाहीत.

प्रत्येक विषयापुढे वेळही लिहा. पाण्याचं वाटप : ५० मिनिटं. थकबाकी : २० मिनिटं. रंगकाम : ५ मिनिटं. वेळ तंतोतंत पाळली जात नाही, आणि पाळायचा हट्टही नको. पण रंगकामापुढे छापलेलं '५ मिनिटं' बघून भाषण करायला उठलेला माणूस दोनदा विचार करतो.

'ऐनवेळी' कुणाच्या सोयीचं?

आता त्या प्रसिद्ध शेवटच्या ओळीकडे येऊ. ती मुळात वाईट नाही. सभेच्या आदल्या रात्री कालवा फुटला, तर नोटिशीत नव्हतं म्हणून बोलायचंच नाही असं कसं चालेल? अडचण होते ती या खिडकीचा दरवाजा झाला की. वादग्रस्त नेमणूक, एखादं कंत्राट, कुणाची थकबाकी माफ करणं, असले विषय नोटिशीत आले तर विरोध तयारीने येतो. ऐनवेळी आले तर बेसावध संचालक मान डोलावतात आणि महिन्याने कळतं की आपलीही त्यावर सही आहे.

कंपन्यांसाठीचे नियम याबाबत बरेच काटेकोर आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार संचालक मंडळाच्या सभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते, वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि दोन सभांमध्ये १२० दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. कंपनी सचिवांच्या संस्थेने घालून दिलेल्या मानकांत नोटिशीत नसलेला विषय घ्यायला एकट्या अध्यक्षांची परवानगी पुरत नाही, हजर संचालकांच्या बहुमताचीही संमती लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सर्वसाधारण सभेसाठी १४ दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे.

म्हणजे किती दिवस आधी, हे कायदा सांगतो. काय लिहायचं आणि कसं, हे मात्र तो मंडळावर सोडतो. आपल्या संस्थेने स्वतःपुरता एक ठराव केला तरी पुष्कळ : ऐनवेळी फक्त तातडीचे विषय येतील, आणि पैसा किंवा नेमणूक यांचा निर्णय ऐनवेळी होणार नाही. असा ठराव मांडल्यावर कोण अस्वस्थ होतं, तेही जरा बघून ठेवा.

शेजारच्या जिल्ह्यातला अभ्यासगट

विषयपत्रिका ही सचिवाने टाइप करायची यादी, असं आपण धरून चालतो. याला छेद देणारं सगळ्यात चांगलं उदाहरण इटियाडोहच्या शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात आहे : धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही या कामाशी जोडलेली नावं अनेकांनी ऐकली असतील. २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात वापरता आला. त्याची बातमी देशभर गेली. त्यामागची सभेची पद्धत मात्र बातम्यांत कमी आली.

या गावाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा : कायदा काय म्हणतो, हिशेब काय, पर्याय कोणते. तिथे बाहेरचे जाणकारही येऊन बोलू शकतात. पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. एखाद्याला पटलं नसेल तर विषय थांबतो आणि पुन्हा अभ्यासाला जातो.

आपल्या बहुतेक सभांची फजिती इथेच होते. माहिती देणं, समजून घेणं, भांडणं आणि निर्णय घेणं ही चारही कामं एकाच दुपारी, एकाच खोलीत उरकायचा प्रयत्न असतो. पाणी वापर संस्थेसारख्या लहान मंडळाला मेंढ्याची पद्धत जशीच्या तशी उचलायची गरज नाही. पण सभेच्या दहा दिवस आधी हेड, मिडल आणि टेल अशा तिन्ही भागांतला एकेक संचालक आणि सचिव तासभर बसले, पाण्याचा हिशेब मांडला, दोन पर्याय लिहून काढले, तर तोच अभ्यासगट. विषयांचा क्रमही याच तिघा-चौघांनी ठरवायचा. क्रम ठरवण्याचा अधिकार एकट्या अध्यक्षांकडे राहिला, तर टेलचा विषय खाली सरकत जातो. त्यात दर वेळी दुष्ट हेतू असतोच असं नाही. अध्यक्षांच्या बांधीला पाणी मिळत असतं, इतकंच.

हल्ली हिशेबाचा कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता येतो. जरूर टाका, फोटो काढून टाका, मोठ्या अक्षरात टाका. पण ग्रुपवर आलेले पंचवीस अंगठे म्हणजे ठराव नव्हे. ग्रुप माहितीसाठी, सभा निर्णयासाठी. ज्याच्या हातात साधा फोन आहे त्याला कागद घरपोच द्यायचा.

कोणता विषय कधी, हे हंगाम सांगतो

एका सभेची विषयपत्रिका नीट झाली तरी विषयच चुकीच्या महिन्यात आला तर उपयोग नाही. चाऱ्यांची साफसफाई जुलैत चर्चेला घेणं म्हणजे पाहुणे दारात आल्यावर अंगण झाडणं.

राज्यातल्या धरणांचं रब्बी आणि उन्हाळी हंगामाचं नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून होतं. त्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि कोणत्या हंगामात किती आवर्तनं द्यायची ते ठरतं. त्या बैठकीआधी लघुवितरिकेवरच्या मंडळाने आपली मागणी हेक्टरमध्ये ठरवलेली नसेल, तर वर जाऊन 'आम्हालाही पाणी पाहिजे' यापलीकडे काही सांगता येत नाही. म्हणून पाण्याची मागणी हा विषय सप्टेंबरच्या अखेरच्या सभेत आला पाहिजे. चाऱ्यांची दुरुस्ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे पावसाआधी काम होईल. रोवणीच्या ऐन दिवसांत मोठा विषय ठेवायचाच नाही, कारण येणार कोण? पाणीपट्टीच्या वसुलीचा विषय धान विकून पैसा हातात येण्याच्या सुमाराला.

असे वर्षाचे बाराही महिने एका कागदावर मांडून भिंतीवर लावता येतात. मग दर महिन्याची विषयपत्रिका निम्मी आधीच तयार असते, आणि 'हा विषय राहून गेला' असं म्हणायची सोय उरत नाही. सभेची वेळही याच कागदावर लिहून टाका, महिला संचालकांना विचारून. दुपारी बाराला ठेवलेल्या सभेला ती निंदणीवर असते आणि तिच्या नावाने नवरा येऊन बसतो. मग सही कुणाची आणि मत कुणाचं, हा वेगळाच विषय होतो.

राहता राहिलं इतिवृत्त. 'सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य बाद करा. प्रत्येक ठरावापुढे तीन रकाने आखा : काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या नोटिशीचा पहिला विषय याच रकान्यांतून उचलायचा, म्हणजे 'इतिवृत्त वाचून कायम करणे' याऐवजी 'मागच्या सभेत ठरलेल्या कामांपैकी कोणती झाली नाहीत आणि का?' ज्याच्या नावापुढचं काम झालेलं नाही, त्याने पहिल्या दहा मिनिटांत उभं राहून सांगायचं. त्यानंतर टेलच्या पाण्याचा विषय.